पेशींचा रतीब

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात. पैसे द्यायचे, ग्लास पुढे करायचा, समोर धार काढली जाते आणि फेसासकट ते कोमट दूध तिथेच उभ्याने प्यायचे. कोल्हापूरला आलेल्या पाहुण्याला इथे आणले की तो ग्लासाकडे बघत राहतो. माझे लक्ष म्हशीच्या तोंडाकडे जाते. तिने दिवसभरात काय खाल्ले, वैरण बदलली तर धार आटते का, पेंड वाढवली तर दूध वाढते की नुसते शेण, हे प्रश्न माझ्या पोटापाण्याचे आहेत. फरक एवढाच, की माझी जनावरे मिलिमीटरच्या साठ-सत्तराव्या भागाएवढी असतात आणि स्टीलच्या टाकीत नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत राहतात.

ही जनावरे म्हणजे सस्तन प्राण्यांच्या पेशी. त्यातही बहुतेक वेळा सीएचओ, म्हणजे चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून आलेल्या. थिओडोर पक यांनी १९५७ साली अमेरिकेत डेन्व्हरला त्या वेगळ्या काढल्या. आज कॅन्सर, संधिवात, रक्त न गोठण्याचा आजार यांवरची कितीतरी प्रथिने या पेशींकडून करवून घेतात. पेशींना जे पातळ अन्न देतात त्याला पुस्तकात ‘संवर्धन माध्यम’ म्हणतात आणि प्रयोगशाळेत ‘मीडिया’. (घरी ‘आज मीडिया खराब निघाला’ म्हटले की आमची आई टीव्हीवरच्या बातमीदारांबद्दल बोलू लागते.) हे अन्न सतत चालू ठेवून वाढवण्याच्या रीतीला परफ्युजन म्हणतात, आणि तिच्यासाठी मीडिया कोणता घ्यावा, कसा वापरावा, हा या लेखाचा विषय.

परफ्युजन समजावून सांगायला आमच्या भागात परदेशी उदाहरणे लागत नाहीत. गुऱ्हाळावर आधण ठेवतात. काहिलीत रस ओतायचा, चुलवाणाला जाळ घालायचा, मळी काढायची, गुळव्याने पाक ओळखला की काहील उतरवायची, धुवायची, मग दुसरे आधण. फेड-बॅच नावाची रूढ रीत अशीच आहे: टाकीत मीडिया भरायचा, पेशी सोडायच्या, अधूनमधून घट्ट खुराकाचा डोस द्यायचा, बारा-चौदा दिवसांनी सगळे एकदम काढायचे. परफ्युजनची जात साखर कारखान्याची. गव्हाणीत ऊस पडत राहतो, दुसऱ्या टोकाला साखर आणि मळी निघत राहते, आणि हंगाम संपेपर्यंत कोणी थांबत नाही. टाकीत ताजा मीडिया सतत येतो, तेवढाच जुना द्रव प्रथिनासकट बाहेर जातो, आणि पेशी तेवढ्या गाळणीने अडवून आत ठेवतात. महिना, दोन महिने असे चालते.

माझे एक मामा साखर कारखान्याच्या केन यार्डात होते. हंगामात त्यांच्या तोंडी सारखे दोन शब्द असत: ‘नो केन’. ऊस कमी पडला की मिल थांबते, आणि पुन्हा सुरू करताना जे जाते ते मोजायला नको, असे ते म्हणत. परफ्युजनवर काम करताना मला मामा फार आठवतात. कारण या क्षेत्रातली बहुतेक चर्चा ‘सगळ्यात चांगला मीडिया कोणता’ या प्रश्नावर होते, आणि माझ्या मते तो प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. विचारायचे ते असे: एका पेशीला एका दिवसाला किती द्यायचे, त्यातले आधी काय संपते, आणि रोज तेवढे आणून कोण देणार? घरी येणाऱ्या रतिबाचा हिशोब आपण असाच करतो. दूध कितीही घट्ट असले, तरी माणशी किती आणि रोज येते का, हे आधी.

हा हिशोब १९९० च्या दशकात सादेत्तिन ओझतुर्क यांच्यासारख्या अभियंत्यांनी नीट मांडला. पेशीमागे दिवसाला लागणारा मीडिया ते पिकोलिटरमध्ये मोजतात. लिटरचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे पिकोलिटर. समजा टाकीत मिलिलिटरमागे ५ कोटी पेशी आहेत आणि प्रत्येकीला दिवसाला ४० पिकोलिटर देतो. गुणाकार केला की उत्तर येते २ मिलिलिटर. म्हणजे टाकीतल्या प्रत्येक मिलिलिटरला रोज २ मिलिलिटर मीडिया; टाकी दिवसातून दोनदा पूर्ण बदलायची. तोच दर २० पिकोलिटरवर आणला तर एकदा. सीएचओ पेशी १५ मायक्रॉनची धरली तर तिचे आकारमान पावणेदोन पिकोलिटरच्या आसपास येते. म्हणजे काटकसरीच्या २० पिकोलिटरवरसुद्धा ती रोज स्वतःच्या दहा-अकरा पट खुराक घेते. तालमीतल्या कुठल्याही पहिलवानाने ऐकून कानाला हात लावावा.

आता कागदावरच एक टाकी चालवू. ५०० लिटरची, रोज एकदा बदलणारी, ३० दिवस. मीडिया लागला १५,००० लिटर. पहिले सहा दिवस पेशी वाढवण्यात गेले आणि पुढचे चोवीस दिवस बाहेर येणाऱ्या द्रवात लिटरमागे १ ग्रॅम प्रथिन मिळाले, तर उत्पन्न १२ किलो. त्याच टाकीत महिन्यात फेड-बॅचची दोन आधणे काढली, लिटरमागे ५ ग्रॅम धरले, तर उत्पन्न ५ किलो आणि मीडिया साधारण १,००० लिटर. टाकी तीच, जागा तीच, आणि प्रथिन दुपटीहून जास्त. परफ्युजनवाले इथेच बोलणे थांबवतात. पण ग्रॅममागे मीडिया बघा: एकीकडे सव्वा लिटर, दुसरीकडे पाव लिटरपेक्षाही कमी. म्हणजे सहापटीचा फरक. म्हणून विक्रेत्याने लिटरचा भाव सांगितला की मी वहीत लिहूनच घेत नाही. ग्रॅमचा भाव काढल्याशिवाय दोन मीडियांची तुलना होत नाही, आणि ग्रॅमचा भाव पेशी ठरवते.

मग उघड उपाय असा, की मीडिया घट्ट करा आणि थोडा द्या. अलीकडच्या वर्षांत या विषयात झालेले बरेचसे काम या एका वाक्यात मावते, आणि अडचणीही याच वाक्यात आहेत.

मुळात या मीडियांच्या कृती घट्ट करण्यासाठी बनलेल्याच नव्हत्या. रॉस हॅरिसन यांनी १९०७ साली बेडकाची चेतापेशी शरीराबाहेर वाढवली ती गोठलेल्या लसिकेत. हॅरी ईगल यांनी १९५० च्या दशकात पेशीला नेमके काय काय लागते ते एकेक करून शोधले आणि किमान गरजेचे माध्यम लिहून काढले. रिचर्ड हॅम यांचे एफ-१२ हे १९६५ चे. हॅम यांच्या माध्यमात प्रोलीन आहे, कारण सीएचओ पेशीला प्रोलीन स्वतः बनवता येत नाही. ही खोड तिला पकच्या दिवसांपासून आहे. पण या साऱ्या कृती बशीत पसरलेल्या, मिलिलिटरमागे फार तर काही लाख पेशींसाठी होत्या, आणि ईगल यांच्या कृतीत तर वरून सीरम घालायचेच असे गृहीत होते. आज टाकीत कोटींनी पेशी असतात. स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतल्या गटाने २०१३ मध्ये मिलिलिटरमागे २० कोटींच्या वर मजल मारली. मघाचाच १५ मायक्रॉनचा हिशोब लावला तर टाकीचा तिसरा हिस्सा नुसत्या पेशींचा झाला. त्याला रस्सा म्हणवत नाही, तो झुणकाच.

घट्ट करताना पहिला हट्टी घटक टायरोसिन. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे अर्ध्या ग्रॅमलाही ते पुरते विरघळत नाही. त्याहून हट्टी सिस्टीन, म्हणजे सिस्टाइनच्या दोन रेणूंची जोडी: लिटरमागे एक दशांश ग्रॅमच्या आसपास थांबते. सुटे सिस्टाइन छान विरघळते, पण हवेतल्या प्राणवायूने त्याची जोडी बनते आणि ती खाली बसते. मी पहिल्यांदा घट्ट मीडिया बनवला तेव्हा रात्री फ्लास्क पारदर्शक होता. सकाळी शीतकपाटातून काढून उजेडात धरला तर तळाशी बारीक पांढरी रेघ, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखी. हलवले की वर उठायची, ठेवले की पुन्हा बसायची. मी मीटर लावून आम्लता पाहिली, ती बरोबर होती. क्षारांची घनता पाहिली, तीही बरोबर. कागदावर सगळे नेमके होते, फक्त पेशींचे अन्न तळाला होते आणि गाळणीतून पुढे जाणार नव्हते. यावर उपाय आहेत. टायरोसिनचा फॉस्फेट जोडलेला किंवा सोडियमचा क्षार वापरता येतो, टायरोसिन-सिस्टाइन वेगळ्या अल्कधर्मी द्रावणात ठेवून टाकीपाशीच मिसळता येतात. पण प्रत्येक उपायाबरोबर आणखी एक पंप, आणखी एक नळी आणि आणखी एक शंका येते.

दुसरी अडचण परासरणाची. पेशीला बाहेरच्या द्रवाचा दाट-पातळपणा किलोमागे २८० ते ३२० मिलिऑस्मोल इतका मानवतो. ४०० च्या वर नेले की वाढ मंदावते. काही क्लोन (एकाच पेशीपासून वाढवलेले वाण) त्या ताणात उलट जास्त प्रथिन बनवतात, म्हणून हे वाईटच असे नाही; पण ते ठरवून व्हावे. अन्न वाढवायचे तर कुठेतरी जागा करावी लागते, आणि ती मिठातून करतात: सोडियम क्लोराइड कमी करायचे आणि त्या जागी ग्लुकोज, अमिनो आम्ले बसवायची. काहींनी सोडियम-पोटॅशियमचे प्रमाणच बदलून पेशींची वाढ जाणूनबुजून मंद केली. हे ऐकायला उलटे वाटेल. पण परफ्युजनमध्ये एका टप्प्यानंतर पेशी वाढायला नकोच असतात. जास्त झालेल्या पेशी टाकीतून रोज ‘ब्लीड’ करून काढाव्या लागतात आणि त्यांच्याबरोबर प्रथिनही गटारात जाते. चांगला परफ्युजन मीडिया आधी पेशी वाढवतो आणि मग त्यांना जागेवर बसवून कामाला लावतो. फेड-बॅचच्या मीडियाकडून ही दुसरी अपेक्षा कोणी केलेली नसते, म्हणून तोच उचलून इथे वापरला की ब्लीड आवरत नाही.

जाता जाता: उसाच्या या जिल्ह्यात राहून सांगायला वाईट वाटते, पण आपली साखर इथे खाण्याच्या कामाची नाही. या पेशी ग्लुकोज खातात. सुक्रोज त्यांना आत घेऊन फोडता येत नाही. सुक्रोज वापरतात ते फक्त परासरण वाढवून बघायला.

तिसरी गोष्ट मोरीची. प्रवाह कमी केला की अन्न पुरवता येते, पण मैला साचतो. लॅक्टेट आणि अमोनिया हे जुने दोषी. अमोनियाचा एक मोठा उगम ग्लुटामाइन: पेशी ते खातानाही अमोनिया सोडतात, आणि ते नुसते मीडियात ३७ अंशांवर उभे राहिले तरी आठवडा-दहा दिवसांत निम्मे मोडते. म्हणून ॲलॅनाइनला जोडलेले टिकाऊ ग्लुटामाइन निघाले. त्याहून बरे म्हणजे ग्लुटामाइन स्वतः बनवणारे जीएस क्लोन घ्यायचे आणि मीडियातून ते गाळूनच टाकायचे. नवा उद्योग सुरू करणाऱ्याला त्याने विचारल्याशिवाय मी सल्ला देत नाही, पण हा देतो: क्लोन निवडतानाच मीडिया निवडला जातो, नंतर नाही. शिवाय दोषी दोनच नाहीत. फायझरच्या संशोधकांनी २०१७ च्या सुमारास दाखवले, की फिनाइलॲलॅनाइन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, ल्युसिन अशी अमिनो आम्ले गरजेपेक्षा जास्त दिली की पेशी ती अर्धवट जाळतात, आणि त्या राखेतले काही रेणू वाढ रोखतात. म्हणजे खुराक घट्ट करण्याच्या नादात आपणच मैला वाढवतो. तालमीतले वस्ताद हे फार पूर्वीपासून सांगतात: बदाम मोजून, पचेल एवढेच.

बारीकसारीक धातूंबद्दल थोडे, कारण ते थोडे असूनच घोटाळा करतात. मँगनीज कमी-जास्त झाले की प्रतिपिंडावरच्या साखरेच्या साखळ्यांत गॅलॅक्टोजचे प्रमाण बदलते, आणि त्याने औषधाचा गुण बदलू शकतो. तांबे कमी पडले की पेशी लॅक्टेट साठवत बसतात. ही मात्रा इतकी सूक्ष्म, की दुसऱ्याच एखाद्या मिठातल्या भेसळीतून येणारे मँगनीज ठरवून घातलेल्याइतके भरू शकते. फेड-बॅचमध्ये एका आधणाला एकाच लॉटचा मीडिया पुरतो. दोन महिन्यांच्या परफ्युजनमध्ये मधेच लॉट बदलतो, आणि पंधराव्या दिवसाचे प्रथिन चाळिसाव्या दिवसाच्या प्रथिनासारखे आहे हे सिद्ध करायची जबाबदारी आपली. सलग उत्पादनावरची आयसीएच क्यू-१३ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका नोव्हेंबर २०२२ मध्ये अंतिम झाली. कोणता कच्चा माल कोणत्या मालात गेला याचा माग ठेवण्यावर तिचा भर आहे.

लॉटचा एक अनुभव अंगावर आलेला. टाकीत हवेचे बुडबुडे सोडतात, ते फुटताना पेशीही फुटतात. ते टाळायला मीडियात पोलोक्सॅमर १८८ नावाचा निसरडा पदार्थ घालतात, लिटरमागे साधारण एक ग्रॅम, दाट टाकीत त्याहून जास्त. एका पुरवठादाराचा नवा लॉट आला. कागद चोख, सगळ्या चाचण्या पास. तिसऱ्या दिवसापासून जिवंत पेशींचे प्रमाण घसरू लागले. आम्ही ग्लुकोज तपासले, प्राणवायू तपासला, एकमेकांच्या पाळीवर संशय घेतला. शेवटी एका तंत्रज्ञ ताईंनी जुन्या आणि नव्या लॉटच्या दोन बाटल्यांत थोड्या पेशी घालून त्या खळखळून हलवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. “सर, ह्या नव्यात निम्म्या मेल्यात बघा.” तेव्हापासून ती बाटली हलवण्याची चाचणी आमच्याकडे प्रत्येक लॉटला होते. पोलोक्सॅमरच्या लॉटमधला हा फरक जगभरच्या कारखान्यांना ठाऊक आहे. मला तो एका रविवारच्या बदल्यात कळला.

गाळणीचे दुखणे वेगळेच. आज जास्त चलती आहे ती एटीएफ पद्धतीची: पोकळ तंतूंच्या जुडग्यात एक पडदा द्रव पुढे-मागे ढकलतो, पेशी आत राहतात, प्रथिन बाहेर जाते. निदान जायला हवे. पण मेलेल्या पेशींचा गाळ, डीएनएचे धागे आणि फेस मारायला घातलेला सिलिकॉनचा पदार्थ तंतूंच्या छिद्रांत बसतो आणि प्रथिन आतच अडकू लागते. इथे मीडियाचा संबंध लक्षात येत नाही म्हणून सांगतो. जो मीडिया पेशी मरू देतो तो गाळणीही लवकर तुंबवतो. ज्यात फेस जास्त होतो त्यात फेसनाशक जास्त लागते, आणि फेसनाशकाने पोलोक्सॅमरचे काम बिघडते. गाळणी तुंबली की दोष यंत्रावर जातो. मीडिया सहसा सुटतो.

निवड करायची कशी, तर सुरुवात आश्चर्य वाटेल इतकी साधी आहे. पन्नास मिलिलिटरच्या, हवा खेळत्या झाकणाच्या नळ्या घ्यायच्या, प्रत्येकीत दहा मिलिलिटर पेशी, हलत्या इन्क्युबेटरात ठेवायच्या. रोज ठरल्या वेळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या, वरचा द्रव ओतून टाकायचा, ताजा मीडिया घालायचा. झाले रोज एकदा बदलणारे नकली परफ्युजन. अशा वीस नळ्यांत वीस मीडिया किंवा मीडिया-खुराकाची वीस मिश्रणे आठवड्यात चाळून होतात. प्राणीपेशींवर काम चालते अशा कोल्हापूरच्या कुठल्याही प्रयोगशाळेत, मग ती शिवाजी विद्यापीठातली असो की डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठातली, हे आज करता येण्यासारखे आहे; महागडी टाकी लागत नाही. मात्र नळी खोटे बोलते हे धरून चालायचे. तिच्यात अन्न एकदम येते आणि दिवसभरात संपते, टाकीत ते संथ येत राहते. तिच्यात बुडबुडे नसल्याने पोलोक्सॅमरची परीक्षा होत नाही. पेशी फार दाट झाल्या की प्राणवायू कमी पडतो आणि आपण दोष मीडियाला देतो. नळी नापास कोण ते सांगते. पहिला कोण ते टाकीच सांगते.

टाकीतली पद्धत कॉन्स्टँटिन कॉन्स्टँटिनोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लिहिली: आधी भरपूर प्रवाहावर पेशी दाट करायच्या आणि मग दिवसामागे प्रवाह पायरी-पायरीने खाली ढकलत न्यायचा. कुठल्या पायरीवर पेशी लडखडतात ते पाहायचे, त्या दिवशीच्या वापरलेल्या मीडियातली अमिनो आम्ले मोजायची, जे संपले ते पुढच्या कृतीत वाढवायचे, जे उरले ते कमी करायचे. या दुसऱ्या भागाकडे सगळे दुर्लक्ष करतात. वाढवायला हात लगेच पुढे होतो, कमी करायला होत नाही. मी पाहिलेल्या कृतींत दर वेळी चार घटक वाढत गेले आणि एकही उतरला नाही. शेवटी ४०० मिलिऑस्मोलवर येऊन सगळे डोके धरून बसले.

परफ्युजन नवे नाही, हेही सांगायला हवे. बायरने बर्कलीला हॅमस्टरच्या मूत्रपिंडाच्या पेशींतून हिमोफिलियावरचा फॅक्टर आठ बनवला, १९९३ मध्ये त्याला परवानगी मिळाली, आणि तो परफ्युजनवरच होता. हे प्रथिन इतके नाजूक, की टाकीत दोन आठवडे पडून राहिले तर मोडून जाईल. बनले की लगेच बाहेर काढणे हाच मार्ग होता. भारतात बायोकॉनने क्युबाच्या सीआयएमएबीबरोबर निमोटुझुमॅब हे प्रतिपिंड २००६ मध्ये आणले, तेही परफ्युजनने. आणि मीडियाचे तोंड किती मोठे उघडे असते याची आठवण ऑलस्टनची. बोस्टनच्या या भागातल्या जेन्झाइमच्या कारखान्यात २००९ च्या जूनमध्ये व्हेसिव्हायरस २११७ सापडला. उत्पादन थांबले, गोशे आणि फॅब्री या दुर्मिळ आजारांच्या जगभरच्या रुग्णांना औषध पुरवून वापरावे लागले. विषाणू पेशींच्या खुराकातल्या एखाद्या कच्च्या मालातून आला असावा, असा कंपनीचा संशय होता. दोन महिने रोज शेकडो लिटर आत ओतणाऱ्या प्रक्रियेत चोरवाट तीच. म्हणून आज सीरम आणि इतर प्राणिजन्य घटक काढून टाकतात. काही ठिकाणी मीडिया १०२ अंशांवर दहा सेकंद तापवून थंड करतात. दुधाच्या संघात ७२ अंशांवर १५ सेकंद जे पाश्चरीकरण होते त्याचा हा कडक भाऊ. अर्थात त्या उष्णतेने कॅल्शियम फॉस्फेट खाली बसते, ते सांभाळायला कृती पुन्हा बदलावी लागते.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर पाया जुना आहे. प्राणीपेशी आणि ऊतींच्या संवर्धनासाठी राष्ट्रीय सुविधा म्हणून पुण्यात जी संस्था १९८६ च्या सुमारास उभी राहिली, ती आजची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था. तिच्या भांडारातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी जातात. कोल्हापूरचे विद्यार्थी स्वारगेटहून एसटीत मांडीवर फ्लास्कचा डबा धरून येतात, कोल्हापूरपर्यंत झोपायचे नाही अशा शपथेवर. मुंबईची हायमीडिया जिवाणूंच्या माध्यमांसाठी घराघरांत नव्हे तरी प्रयोगशाळा-प्रयोगशाळांत माहीत आहे, आणि ती प्राणीपेशींचीही माध्यमे बनवते. आयआयटी मुंबईत सारिका मेहरा यांचा गट सीएचओ पेशींवर काम करतो. उद्योगात चाकणला अल्केमची एन्झीन बायोसायन्सेस परफ्युजनपासून शुद्धीकरणापर्यंत जोडलेली सलग प्रक्रिया चालवते. हिंजवडीची जेनोव्हा, रबाळ्याची रिलायन्स लाइफ सायन्सेस सस्तन पेशींतून औषधे बनवतात. आमच्या शिरोली-गोकुळ शिरगावात ओतकाम चालते. पेशींच्या टाक्या पाहायच्या तर महामार्गाने वर जावे लागते.

त्याच महामार्गावरून मीडियाही येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला. दुधाचे टँकर अडकले, भाजी अडकली, आणि चहूकडे पाणी असून नळाला पाणी नव्हते. अशा आठवड्यात ५०० लिटरची परफ्युजन टाकी चालवायची तर आधीच ३,५०० लिटर मीडिया जवळ हवा, आणि तोही अंधारात, थंडीत. उजेड लागला की रायबोफ्लेविन आणि ट्रिप्टोफॅन यांच्या संगतीने हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ३,५०० लिटरचे शीतगृह कोण बांधणार? पावडर ठेवणे सोपे, पण पावडर विरघळवायला इंजेक्शनच्या दर्जाचे पाणी लागते आणि पूर आला की पहिला बळी पाण्याचा. म्हणून घट्ट द्रावणे साठवायची, एक आम्ल आणि एक अल्क, आणि टाकीच्या तोंडाशी पाणी मिसळत जायचे, ही कल्पना मला पटते; पाणी इथेही लागतेच, पण शीतगृह लहान पुरते. मिश्रणाचे प्रमाण चुकले तर विद्युतवाहकता मोजणारा छोटा मीटर तेवढा ओरडतो, म्हणून तो एक न ठेवता दोन ठेवायचे.

माझे मत विचाराल तर आपल्याकडच्या मध्यम कंपनीने मुख्य टाकीत परफ्युजन करायची घाई करू नये. आधी तिच्या अलीकडच्या, बियाणे वाढवण्याच्या टाकीत करावे. तिथे फक्त पाच-सहा दिवस परफ्युजन चालवून पेशी दाट करायच्या आणि मग मुख्य टाकीत नेहमीचे आधण लावायचे. मीडिया थोडा लागतो, गाळणी तुंबायच्या आत काम संपते, लॉट बदलत नाही, आणि मुख्य टाकीतले दिवस वाचतात. पिकोलिटरचा हिशोब तिथे शिकता येतो. चुकलो तर एक बियाणे जाते, हंगाम जात नाही.

आणि पिशवी बदलण्याची वेळ ठरवताना रात्रपाळीला विचारावे. कागदावर ५०० लिटरची पिशवी चोवीस तासांत संपते. प्रत्यक्षात पंप दोन टक्के जलद चालतो, पिशवी रोज अर्धा तास आधी रिकामी होते, आणि रात्री आठची वेळ महिनाभरात सरकत सरकत पहाटेच्या साडेपाचला येते. तेव्हा जागा असतो तो पाळीवरचा मुलगा आणि गंगावेशीतला गवळी.